नोटेवरची सही

नोट ही वस्तु आपण मोजतों, वाचीत नाहीं. परंतु तीवर एक वाक्य छापलेलें असतें आणि त्या वाक्याखालीं एका माणसाची सही असते. धारकास इतके रुपये अदा करण्याचें मी वचन देतों, असा त्या वाक्याचा आशय. यांतील ‘मी’ म्हणजे रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर. ज्यांचें तोंडहि त्यानें कधीं पाहिलें नाहीं अशा कोट्यवधि लोकांना एक गृहस्थ आपल्या नांवानिशीं वचन देतो, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या दृष्टीनें मोठी चमत्कारिक आहे. शंभराची नोट घेऊन त्याच्या दारीं गेल्यास तो दुसरी शंभराची नोट देईल, फार तर नाणीं मोजून देईल. सोनें नाहीं, चांदी नाहीं. मग वचन कशाचें? कायद्यापुरतें पाहिल्यास फारसें कशाचेंच नाहीं. व्यवहारांत मात्र त्याचा अर्थ असा होतो कीं, या कागदावर आज जेवढें धान्य येतें, तेवढें किंवा त्याच्या जवळपास उद्यांहि यावें, याची काळजी मी वाहीन. या वचनाची फिर्याद कोणत्याहि न्यायालयांत लागत नाहीं. म्हणूनच तें नैतिक वचन होय.

त्याच नोटेवर आणखी एक ओळ असते. या वचनास केंद्र सरकारची हमी आहे, असें ती सांगते. सामान्य व्यवहारांत कर्ज काढणारा एक असतो आणि जामीन दुसरा असतो. येथें जो जामीन, तोच बँकेचा मोठा ऋणको. १९४९ पासून तोच तिचा मालक. आणि गव्हर्नराची नेमणूक करणाराहि तोच. तूट आली कीं जामिनालाच पैसा हवा असतो, आणि पैसा निर्माण करण्याचें यंत्र ज्याच्या हातीं, त्यानें तर तें जपून चालविण्याचें वचन दिलेलें असतें. अशा वेळीं सही करणाराचा धर्म कोणता? आज्ञा पाळावी, आंत राहून अडवीत राहावें, कीं खुर्ची सोडून घरीं जावें? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा इतिहास आम्हांस या एका प्रश्नाचाच इतिहास वाटतो. व्याजाचे आणि हुंडणावळीचे आंकडे ही त्याची केवळ वेशभूषा.

बँक स्थापन झाली १ एप्रिल १९३५ रोजीं. हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील कमिशननें १९२६ सालीं तिची शिफारस केली होती. भांडवल पांच कोटींचें, आणि तें खासगी भागीदारांकडून उभें केलेलें. हेतु हा कीं, राजकारणाचा वारा चलनाला लागूं नये. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ हे ऑस्ट्रेलियांतील बँकांत मुरलेले आणि पुढें इंपीरियल बँकेचा कारभार पाहिलेले गृहस्थ. रुपयाचा दर त्या वेळीं १ शिलिंग ६ पेन्सांवर बांधलेला होता. तो उतरावा, व्याजाचा दरहि उतरावा, असें स्मिथ यांचें मत. हिंदुस्थान सरकारचे फायनान्स मेंबर सर जेम्स ग्रिग यांना तें मुळींच मान्य नव्हतें. दोघांचें पटेना, आणि १९३७ च्या जूनअखेर, मुदत पुरी होण्यापूर्वींच, स्मिथ बाहेर पडले. बँकेच्या पहिल्या नोटा निघाल्या त्या १९३८ च्या जानेवारींत, आणि त्यांवर सही होती त्यांच्या जागीं आलेल्या सर जेम्स टेलर यांची. पहिल्या गव्हर्नराच्या सहीची नोट एकहि नाहीं. भागीदार खासगी असले म्हणजे बँक स्वतंत्र होते, हा भ्रम अशा रीतीनें दोन वर्षांतच फिटला.

टेलर यांच्या कारकीर्दींत महायुद्ध आलें, आणि त्याबरोबर या वचनाची जी परीक्षा झाली तिच्याइतकी कठोर परीक्षा पुन्हां झाली नाहीं. ब्रिटिश सरकार या देशांत सैन्यासाठीं धान्य, कापड, लोखंड खरेदी करी आणि त्याचें मोल लंडनमध्यें स्टर्लिंगच्या रूपानें जमेस धरी. तें स्टर्लिंग तारण मानून रिझर्व्ह बँक येथें रुपयांच्या नोटा काढी. कायद्याप्रमाणें सर्व यथास्थित होतें. प्रत्येक नोटेच्या पाठीमागें लंडनच्या वहींत तिच्या किंमतीचें येणें लिहिलेलें होतें. परंतु वहींतल्या येण्याची भाकरी होत नाहीं. युद्धाच्या आरंभीं सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनांत होत्या. युद्ध संपलें तेव्हां त्या हजार कोटींच्या पुढें गेल्या होत्या. महागाईची झळ कोणाला लागली, तें १९४३ सालीं बंगालनें पाहिलें. त्या दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं, आणि सारा दोष चलनावर ढकलणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या मजुराच्या हातांत जुन्याच मजुरीचे रुपये होते आणि बाजारांत तांदूळ नव्या भावाचा होता, त्याला दिलेलें वचन मोडलें, याविषयीं शंका नको. कायदा एका अक्षरानेंहि मोडला नव्हता. आणि याबद्दल कोणीहि राजीनामा दिला नाहीं. टेलर १९४३ च्या फेब्रुवारींत अधिकारावर असतांनाच वारले.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें त्या खुर्चीवर पहिला हिंदी गृहस्थ बसला. चिंतामणराव देशमुख मूळचे कुलाबा जिल्ह्यांतले. महाडजवळचें नातें हें त्यांचें जन्मगांव. मॅट्रिकच्या परीक्षेंत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविणारा आणि पुढें मेघदूताचें मराठींत भाषांतर करणारा हा संस्कृतज्ञ. परकीय सरकारनें नेमलेल्या या गव्हर्नरानें १९४४ सालीं ब्रेटन वुड्स येथें हिंदुस्थानच्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न मांडणाऱ्या शिष्टमंडळांत भाग घेतला. फाळणीनंतर १९४८ च्या जूनअखेरपर्यंत त्यांची बँक दोन राष्ट्रांची मध्यवर्ती बँक होती. काश्मीरांत रण पेटलेलें, ५५ कोटींच्या देण्यावरून दिल्लींत वादळ उठलेलें, आणि बँकेनें मात्र दोन्हीं पक्षांचा हिशेब राखावयाचा! देशमुखांनीं ती खुर्ची रागानें सोडली नाहीं. त्यांनीं राजीनामा दिला तो पुढें, १९५६ सालीं, अर्थमंत्री असतांना. तोहि चलनासाठीं नव्हे, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध, आणि आपलीं कारणें लोकसभेंत उघड सांगून. हा फरक आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. मंत्री हा कुलाब्याच्या मतदारांनीं निवडून दिलेला होता. आपण कां जातों हें त्यांना सांगण्याचें त्याला स्थान होतें आणि तें त्याचें कर्तव्यहि होतें. गव्हर्नराला मतदार कोण? ज्यांच्या खिशांत नोट आहे ते सर्व, म्हणजे एका अर्थीं कोणीच नाहीं.

देशमुखांच्या त्या राजीनाम्याची सावली रिझर्व्ह बँकेवरहि पडली, हा योगायोग क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतो. त्यांच्यानंतर अर्थखातें टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेलें, आणि वर्ष संपण्याच्या आंतच त्यांचा व गव्हर्नर बेनेगल रामराव यांचा खटका उडाला. निमित्त अगदीं रुक्ष होतें. हुंड्यांवरील मुद्रांकशुल्क सरकारनें इतकें वाढविलें कीं बँकांना रिझर्व्ह बँकेकडून घ्यावयाच्या कर्जाचा खर्चच वाढला. म्हणजे व्याजाचा दर ठरविण्याचें बँकेचें काम सरकारनें मागच्या दारानें करून टाकलें. रामरावांनीं व त्यांच्या मध्यवर्ती मंडळानें हरकत घेतली. रिझर्व्ह बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक विभाग, अशी मंत्र्यांची भूमिका. ती त्यांनीं फारशा सौजन्यानें मांडली नाहीं. पंडित नेहरूंनीं मंत्र्यांची बाजू घेतली. साडेसात वर्षें, म्हणजे आजवरच्या सर्व गव्हर्नरांहून अधिक काळ, त्या पदावर राहिलेले रामराव १९५७ च्या जानेवारींत निघून गेले.

नेहरूंची भूमिका एका वाक्यांत उडवून लावण्यासारखी नाहीं. लोकांनीं निवडून दिलेल्या सरकारनें एक आर्थिक धोरण आंखावें आणि कोणीहि न निवडलेल्या एका अधिकाऱ्यानें तें अडवावें, हें लोकशाहींत कसें बसतें? त्याला हा अधिकार दिला कोणी? प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तरहि कायद्यांतच आहे. बँकेच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळीं कायद्याच्या सातव्या कलमांत अशी तरतूद आली कीं, लोकहितासाठीं आवश्यक वाटल्यास सरकारनें गव्हर्नराशीं विचारविनिमय करून बँकेला आदेश द्यावेत. म्हणजे शेवटचा शब्द सरकारचाच. मग भांडण उरतें कोठें? आश्चर्य असें कीं, २०१८ पर्यंतच्या जवळजवळ सत्तर वर्षांत या कलमाखालीं औपचारिक आदेश असा एकहि निघाला नाहीं. दडपण मात्र वेळोवेळीं आलें. दूरध्वनीवरून आलें, भेटींतून आलें, भाषणांतील टोमण्यांतून आलें. कारण उघड आहे. आदेशावर सही लागते, आणि सही केली कीं परिणामाचा धनी ठरतो. ज्या नोटेचें सारें मोल एका सहीवर उभें, तिच्या भवितव्याविषयींचें दडपण मात्र बिनसहीचें असावें, ही खरी अनीति. आज्ञा करण्यांत गैर कांहीं नाहीं. आज्ञा करून ती आपली नव्हे असें भासविण्यांत आहे.

राजीनामा देणारा तेवढा सत्त्वशील आणि राहणारा तेवढा लाचार, असा हिशेब मांडण्याची आपणां मराठी वाचकांना जरा हौस आहे. हा इतिहास त्या हौशीस अनुकूल नाहीं. रामरावांचेंच पाहा. मुद्रांकशुल्कावरून गेलेल्या याच गव्हर्नरांच्या काळांत, १९५५ सालीं, अशी व्यवस्था झाली होती कीं, सरकारची शिल्लक ठराविक मर्यादेखालीं गेली कीं बँकेनें तात्पुरत्या कोषागार हुंड्या घेऊन ती आपोआप भरून काढावी. व्यवस्था निरुपद्रवी वाटली. पुढें चार दशकें त्याच वाटेनें सरकारची तूट नोटा होऊन बाहेर पडत गेली. ही वाट बंद केली ती खुर्चीवर टिकून राहिलेल्या सी. रंगराजन यांनीं. १९९४ सालीं सरकारशीं करार करून, पायरीपायरीनें, १ एप्रिल १९९७ पासून त्यांनीं ती प्रथा मोडली. या गोष्टीवर कोणी नाटक लिहिणार नाहीं. परंतु सर्व राजीनामे एकत्र केले तरी नोटेच्या मोलाचें जेवढें रक्षण झालें नसतें, तेवढें या एका करारानें झालें, असें आमचें मत आहे.

आय. जी. पटेल यांनीं १९७८ सालच्या मोठ्या नोटा रद्द करण्याच्या बेतांतून विशेष कांहीं निष्पन्न होणार नाहीं असें आपलें मत अर्थमंत्र्यांस सांगितलें, आणि तरीहि काम नीट पार पाडलें. एस. वेंकिटरमणन् यांच्या कारकीर्दींत, १९९१ सालीं, परकीय देणें फेडण्यासाठीं बँकेचें सुमारे ४७ टन सोनें विलायतेस व जपानच्या बँकेकडे गहाण पडलें. घरांतलें सोनें गहाण टाकण्याची लाज आपल्या लोकांत काय असते तें सांगावयास नको. पण पत राखण्यासाठीं ती लाज पत्करणें हें त्या वेळीं वचन पाळणेंच होतें.

आणि मग २०१६. रघुराम राजन यांनीं मोठ्या नोटा रद्द करण्याविरुद्ध आपलें मत त्या वर्षाच्या फेब्रुवारींत सरकारला तोंडीं दिलें होतें, असें त्यांनीं पुढें लिहिलें. सप्टेंबरांत मुदत संपून ते गेले. ८ नोव्हेंबर १९१६ नव्हे, २०१६. कारण इतकी मोठी गोष्ट जुन्या काळींच होऊं शकते असें वाटावें! त्या दिवशीं संध्याकाळीं मध्यवर्ती मंडळाची बैठक झाली, शिफारस झाली, आणि कांहीं तासांत चलनांतील किंमतीच्या सुमारे ८६ टक्के नोटा रद्द झाल्या. गव्हर्नर होते ऊर्जित पटेल. काळा पैसा मुख्यतः सोन्यांत आणि जमीनजुमल्यांत असतो, हा मुद्दा त्या बैठकीच्या इतिवृत्तांत नमूद होता. तो लोकांना कळला २०१९ सालीं, माहितीच्या अधिकाराखालीं. रद्द झालेल्या नोटांपैकीं ९९ टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ च्या जानेवारींत चार विरुद्ध एक मतानें तो निर्णय कायदेशीर ठरविला. विरोधी मत न्यायमूर्ति नागरत्ना यांचें. पटेल यांनीं १० डिसेंबर २०१८ रोजीं राजीनामा दिला आणि कारण दिलें तें वैयक्तिक.

येथें प्रत्येक मराठी माणसाला रामशास्त्री आठवणार. नारायणरावांच्या खुनानंतर, १७७३ सालीं, देहान्त प्रायश्चित्त हा आपला निर्णय राघोबादादांना तोंडावर सांगून त्यांनीं पुणें सोडलें. परंतु शास्त्रीबोवांच्या शब्दानें पेशव्यांच्या नाण्याची किंमत घसरणार नव्हती. गव्हर्नरानें जातांना सरकारविरुद्ध चार शब्द उच्चारले तर दुसऱ्या दिवशीं बाजार कोसळेल, आणि ज्यांच्यासाठीं तो बोलला त्यांचेंच नुकसान होईल. रोग्याच्या उशाशीं वैद्यानें बाळगावा तसा संयम त्याला बाळगावाच लागतो. हें सर्व मान्य करूनहि आम्हांस वाटतें कीं, या मौनाला मुदत हवी. जाण्याच्या दिवशीं मुकें राहणें हा धर्म असेल. बाजार स्थिरावल्यावर, वर्षा-दोन वर्षांनीं, ज्यांना वचन दिलें त्यांना खरें कारण सांगणें हाहि धर्मच. राजन यांनीं, आय. जी. पटेल यांनीं आपल्या लेखनांत तो आपापल्या परीनें पाळला.

२०२४ च्या डिसेंबरांत या पदावर २६ वे गव्हर्नर आले. या सव्वीसांच्या यादींत के. जी. आंबेगावकर हें नांव सहसा कोणाच्या ओठीं नसतें. रामराव गेल्यावर सुमारे दीड महिना ते गव्हर्नर होते, आणि त्यांच्या सहीची रिझर्व्ह बँकेची नोट निघाली नाहीं. तथापि अर्थखात्याचे सचिव असतांना त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर छापली गेलेली आहे. एक रुपयाची नोट बँक काढीत नाहीं, सरकार काढतें. आणि तीवर वचन असें कोणतेंच लिहिलेलें नसतें.