मोर्णेचा वाटा

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पाणीही आहे. पाण्याकडून निर्मळपणा शिकावा, असे आपण प्रवचनात ऐकतो. पण गुरूलाच मळवून टाकले तर शिष्याने शिकावे कुणाकडून?

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेच्या पात्रात उतरले, हातांनी जलपर्णी ओढून काढली. 'मन की बात'मध्येही त्याचा उल्लेख झाला. सेवा खरीच मोठी. पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची नजर जमेच्या बाजूकडे जातेच. जलपर्णी वाढते ती साचलेल्या सांडपाण्यावर. वर पातूर तालुक्यात मोर्णेला धरण आहे, तिथले पाणी कालव्याने शेतांना जाते. पावसाळा सरला की शहरापाशी नदीचे स्वतःचे पाणी उरते किती? जमा काहीच नाही, आणि आपण पासबुकावरची धूळ पुसतो आहोत!

मग दोष कास्तकाराचा का? मला नाही पटत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारट. तिथे हरभऱ्याला एक ओलित मिळाले तरी घर सावरते. "नदीत पाणी सोडा" हे त्याला शहरात बसून सांगणे सोपे आहे. आपल्या नळाचे पाणी कुठले, तर महानच्या धरणातले, म्हणजे काटेपूर्णेचे. एका नदीचे पाणी प्यायचे आणि दुसरीत सांडपाणी सोडायचे, हा आपला व्यवहार. तेव्हा पहिला हप्ता शहराने भरावा: सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे.

चोवीस गुरूंत मधमाशीही आहे. ती फुलाफुलांतून थोडे थोडे घेते, फूल मोडत नाही. माधुकरीचा नियमही तोच. आणि गोग्रास आपण जेवणाआधी काढतो, उरलेसुरले म्हणून नव्हे. धरणातून नदीचा वाटा तसाच आधी काढला तर? शेताच्या वाट्याला कमी येईल, हे उघड आहे. ती तूट ठिबकाने बरीच भरून निघते; वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत ते दिसते. पण ठिबकाचा खर्च एकट्या कास्तकाराने का सोसावा? नदी सगळ्यांची, मग वर्गणीही सगळ्यांचीच हवी. मंदिराच्या कळसाला आपण देतोच ना!

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे ऐन रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत. यंदा दर्शनाला जाताना मोर्णेच्या पुलावर घडीभर थांबून खाली पाहा. पात्रात आहे ते पाणी नदीचे, की आपल्या मोरीचे?