खंड आणि अभाव

बेरोजगारीवरची कोणतीही चर्चा हल्ली एकाच उपायापाशी येऊन थांबते: कामगाराला नवं कौशल्य द्या. मंत्र्यांच्या भाषणांत तेच, उद्योगसंघटनांच्या परिसंवादांत तेच. काम नसलेल्या माणसाला काही येत नाही, असं उघडपणे कुणी म्हणत नाही, पण सगळी मांडणी त्याच समजुतीवर उभी असते. पंधरा वर्षं पाइप जोडणारा वेल्डर किंवा लेथवर शाफ्ट काढणारा टर्नर दोन वर्षं घरी बसला, की त्याची गणना नवशिक्यांत होते.

मुंबईच्या गिरणगावाने हे पूर्वीच पाहिलं आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर ज्यांना गिरणीत परत जाता आलं नाही, त्या साचेवाल्यांच्या बोटांतलं कसब रातोरात आटलं नव्हतं. काही भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, कुणी वॉचमन झाले, कुणी भाजीची गाडी लावली. शहराने त्यांचं काम नाहीसं होताना पाहिलं आणि पुढे त्यांच्या कसबाचीही आठवण ठेवली नाही.

बेरोजगारीचं कारण म्हणून सांगितलं जाणारं ‘लोकांना कष्टच नकोत’ हे मत उत्तर देण्याच्या लायकीचं नाही. यंत्रांनी सगळं काम गिळलं असं मानणाऱ्यांनी भोसरी-चाकणच्या शेडबाहेरच्या ‘वेल्डर पाहिजे, फिटर पाहिजे’ अशा पाट्या वाचाव्यात. प्रश्न उरतो तो नव्या कौशल्याच्या आग्रहाचा, कारण तो सद्हेतूने धरला जातो आणि त्यावर सरकारी पैसाही खर्च होतो.

वेल्डरचंच उदाहरण घेतलं तर या आग्रहातली चूक स्पष्ट दिसते. बॉयलर आणि प्रेशर व्हेसलच्या कामात जगभर अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सची संहिता चालते, आपल्याकडच्या मोठ्या फॅब्रिकेशन शॉपमध्येही. तिचा नववा विभाग सांगतो, की एखाद्या पद्धतीने सहा महिने वेल्डिंग केलं नाही, तर वेल्डरची त्या पद्धतीची पात्रता संपते. नियम कडक आहे. पण ती परत मिळवायला त्याने फक्त एक चाचणी-तुकडा, म्हणजे कूपन, जोडून द्यायचा असतो. प्लेट असो वा पाइप, कोणत्याही जाडीचा, कोणत्याही पोझिशनमध्ये. तो तुकडा तपासात उतरला, की त्या पद्धतीतल्या त्याच्या आधीच्या सगळ्या पात्रता पुन्हा लागू होतात.

वेल्डरच्या क्षमतेविषयीच ठोस शंका आली, तर हीच संहिता वेगळं वागते. शंका असलेली पात्रता रद्द होते आणि जे काम करायचं आहे त्याला साजेशीच चाचणी द्यावी लागते. म्हणजे खंड पडणं आणि अंगी कौशल्य नसणं या दोन गोष्टी संहिता ठरवणाऱ्या तांत्रिक समितीने काटेकोरपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. आपल्या रोजगार धोरणाला मात्र दोन्ही एकच वाटतात.

खंडाने हाताची सवय मोडते हे खरंच आहे. पाइपचा रूट, म्हणजे सांध्यातला पहिला थर, मारताना वितळलेल्या धातूतलं छोटं भोक सारख्या आकाराचं राखावं लागतं. वर्षभर होल्डर धरला नसेल तर सुरुवातीचे रूट एक्स-रेत उतरतीलच असं नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, त्यासाठी चष्मा लागतो. सीएनसीवर जाणाऱ्या टर्नरला प्रोग्रॅमची भाषा नव्यानेच शिकावी लागते, आणि तिथे अभ्यासक्रम हवाच. पण कोणता धातू कसा कापला जातो, टूल कधी बोथट झालं, आवाज का बदलला, हे त्याला कोणत्याही वर्गात पुन्हा शिकवायची गरज नसते. त्याला यंत्र हवं, माल हवा आणि थोडे आठवडे हवेत.

2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानाला मान्यता देणारा भाग आहे. कामावरच शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला दाखला द्यायचा, ही कल्पना न्याय्य आहे. पण ठेकेदार दाखला बाजूला ठेवतो आणि समोर कूपन ठेवतो. त्या कूपनसाठी हात तयार करायला प्लेट, रॉड आणि मशिनची वेळ लागते, आणि बेकार माणसाकडे त्याचे पैसे नसतात. 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा विद्यावेतन देतो ते नव्याने शिकणाऱ्याला. 2020 मध्ये आखातातून परतलेल्या पाइप वेल्डरसारखा, काम येत असलेला पण खंड पडलेला माणूस त्या चौकटीत कुठेच बसत नाही.

मग तो हेल्पर म्हणून लागतो. ग्राइंडिंग करतो, पाइप धरतो. एकदा हेल्परचा रोज स्वीकारला, की पुढचा ठेकेदार तिथूनच बोली सुरू करतो. त्याला खाली आणणारा खंड काही महिन्यांचाच असतो, पण मजुरीतली घट वर्षानुवर्षं राहते. असाच वेल्डर चाचणीत उतरला, की त्याला ‘प्रशिक्षित’ म्हणून आकडेवारीत मिरवलं जातं, याची चीड यायला हवी.

महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. तिथे वेल्डिंगची मशिनं आहेत, शिल्प निदेशक आहेत. वेल्डरचा पूर्ण अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. परतणाऱ्या कारागिराला तो नको आहे. राज्याच्या कौशल्य विभागाने या कार्यशाळा संध्याकाळी त्याच्यासाठी उघडाव्यात, रॉड आणि प्लेट फुकट द्यावेत, सरावाच्या दिवसांचा रोज द्यावा आणि चाचणीचा खर्च स्वतः उचलावा. नव्या अभ्यासक्रमाची पुढची घोषणा करण्याआधी एवढं करावं.