उजव्या कडेच्या रेघा

अण्णांच्या वडिलांना घरात सगळे तात्या म्हणत. तात्या परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि मे महिन्यात बायकामुलांना घेऊन गावाला निघाले की वाटखर्चाची वही लिहीत. लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तसली लांबट वही. नाणी बदलली त्या काळातली. 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे सुरू झाले, पण लोकांच्या तोंडातला आणा काही लवकर गेला नाही. एका आण्याचे सव्वासहा पैसे, त्यामुळे सुट्ट्यावरून दुकानोदुकानी वाद. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याला 6 नवे पैसे, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 आणि चार आण्यांना 25. हे कोष्टक तात्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घेतलं होतं आणि पुढची प्रत्येक रक्कम जुन्या-नव्या दोन्ही हिशेबांनी लिहिली होती.

तात्या गेल्यावर वही अण्णांकडं आली. अण्णा ती जिवापाड जपत आणि गावाला जाताना पिशवीत घेऊन निघत. गाडी कुठं थांबली, काही विकत घेतलं, की वही उघडायची आणि तेव्हाचा भाव वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याला आधी मौज वाटे, मग तो खिडकीबाहेर बघू लागे. अण्णांचं मात्र मनापासून दुखत असे. महागाईनं त्यांच्या घराला चटके दिलेले होते. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत अण्णांची आई होती. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर परळ-लालबागमधल्या कित्येक घरांतली भांडी मोडीत गेली, तीही अण्णांनी पाहिली होती. ज्यानं एवढं पाहिलंय त्यानं भाव वाढले म्हणून हळहळू नये, असं कोण म्हणेल?

2025 च्या मे महिन्यात अण्णा नातीबरोबर खेडकडं निघाले. शेजारच्या भाऊंनी फोन करून कळवलं होतं, की घराची कौलं या पावसात दगा देतील. नात ठाण्याला नोकरीला, चार दिवसांची रजा काढून आलेली.

कंडक्टरनं अण्णांचं आधारकार्ड पाहिलं आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी मोफत आहे. नातीला अर्धं तिकीट, बायकांची ती सवलत मार्च 2023 ची. अर्ध्या तिकिटावरचा आकडा पाहून अण्णा म्हणाले, "जानेवारीत पंधरा टक्क्यांच्या आसपास भाडं वाढवलं बघ यांनी. ऐक, तात्यांनी काय लिहिलंय." आणि पनवेल येईपर्यंत वही वाचून झाली. तेव्हा वाशीच्या खाडीवर पूल नव्हता, गाडी ठाण्यावरून वळसा घालून पनवेल गाठायची. महाडला पोचेपर्यंत अंगावर बोटभर लाल धूळ. मुलं बोटानं एकमेकांच्या हातावर नावं काढायची. नातीला या गोष्टी आवडत. भाव सुरू झाले की ती मोबाईल काढी.

पोलादपूरच्या आसपास गाडी चहाला थांबली. हॉटेलच्या भिंतीवर दरांची पाटी होती. चहा तीस रुपये. अण्णांनी दोन चहाचे साठ रुपये दिले, पाण्याची बाटली घेतली तिचे वीस दिले. पाटीवर लिहिलेल्या भावाशी कोणी भांडत नाही, भांडायला समोर माणूस लागतो.

तो समोर होता. हॉटेलच्या कडेला, आंब्याच्या सावलीत, एक बाई करवंदांची टोपली घेऊन बसली होती. साठीच्या पुढची. पानांचे द्रोण काट्यानं टाचून ठेवलेले, प्रत्येकात काळीभोर करवंदं शिगेला भरलेली. अण्णा थेट तिकडं गेले.

"कसा दिलास द्रोण?"

"इस रुपये, आजोबा."

"वीस! अगं, एक आण्याला घेतलाय मी हाच द्रोण. ह्याच रस्त्याला."

"घेतला असाल," बाई म्हणाली. "तवा माझी आय बसत असंल हितं."

"दहाला दे."

"न्हाय परवडत."

"परवडत कसं नाही? रानातली करवंदं, बी ना खत, ना पाणी. हे बघ, लिहिलेलं आहे." अण्णांनी खरोखरच वही उघडून तिच्यासमोर धरली. "करवंदं, एक आणा. हे माझ्या वडिलांचं अक्षर."

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं पदराला हात पुसले आणि वहीवर वाकली. तिची बोटं करवंदांच्या चिकानं काळी पडलेली, मनगटापर्यंत बारीक ओरखडे, काही ताजे, काही खपली धरलेले. अक्षरांवरून तिची नजर सरकत पानाच्या उजव्या कडेला गेली. तिथं पेन्सिलीनं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. कुठं एक, कुठं दोन, कुठं सात. कुठं नुसता ठिपका.

"आनि ह्या रेघा?"

"त्या काही नाहीत. पाळ्या मांडल्यात वडिलांनी."

"दिस मांडल्यात," बाई म्हणाली. "माझ्या भितीवर बी हायत असल्याच, कोळशाच्या. ठेकेदाराकडं जेवढं दिस भरलं, तेवढ्या रेघा. हप्त्याला पैसं देताना तो एक दिस खातो, मग मी त्याला भिताड दाखवते." तिनं एक काळं बोट सात रेघांवर टेकवलं. "ह्ये काय घेतलं व्हतं सात दिसांचं?"

अण्णांनी डावीकडं पाहिलं. मुंबई ते खेड, दोन पूर्ण आणि तीन अर्धी तिकिटं.

ते एकदम बोलेनात. तात्या तेव्हा गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाल्यानं रोज सकाळी भोंग्याच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं. कायमचा कोणी गैरहजर असेल तर आत घेत, नाहीतर आल्या पावली घरी. म्हणजे या सात रेघा नुसत्या सात दिवसांच्या नव्हेत. सात वेळा आत घेतल्याच्या होत्या, आणि त्यांच्या मधे परत पाठवलेल्या सकाळी किती गेल्या असतील, ते वहीत कुठंच नव्हतं.

"मावशी, ही टोपली भरायला किती वेळ लागतो?" नातीनं विचारलं.

"पहाटे रानात शिरते बाय. काटं असत्यात, घाई करून चालत न्हाय. उन्हं तापली की खाली उतरायचं. पंधरा-सोळा द्रोण व्हत्यात. समदे खपलं तर. पयली घाटातच बसायची मी, वळनावर. आता गाड्या बोगद्यातनं जात्यात, घाटात कोन येतंय? म्हून हितपर्यंत चालत येते." तिनं टोपलीवर ओलं फडकं ओढलं. "पयला पाऊस पडला की करवंद सपलं. म्हयन्या-दीड म्हयन्याचं काम."

नात मनात गुणाकार करत होती. सोळा द्रोण, तीनशेवीस रुपये. रोजगार हमीची यंदाची मजुरी 312 रुपये, हे तिला बातम्यांत वाचलेलं आठवलं. बाईनं वीस रुपये काही हवेतून काढलेले नव्हते. अख्खी टोपली विकली तर एक मजुरी सुटावी, एवढंच तिनं धरलं होतं. अण्णांच्या दहा रुपयांत तिचा अर्धा दिवस गेला असता.

कंडक्टरनं घंटी मारली. अण्णांनी चाळीस रुपये काढले, दोन द्रोण घेतले आणि गाडीत येऊन बसले.

पुढच्या वाटेत त्यांनी वही पुन्हा उघडली, या वेळी उजव्या कडेनं. सामान वाहणारा हमाल नव्हताच, ती ओळ कोरी. खेडच्या स्टँडवरून गावापर्यंत बैलगाडी, पुढं एक रेघ, पण ती खोडलेली. तात्या ट्रंक डोक्यावर घेऊन चालत निघाले होते, ते अण्णांना स्पष्ट आठवत होतं. मुलांना तेव्हा ती गंमत वाटलेली, रात्रीचं चालणं, काजवे. आईच्या माहेरच्यांना खाऊ, एक रेघ. ती मात्र खोडलेली नव्हती. एका वर्षाच्या पानावर तिकिटांच्या रेघा कमी होत्या, आणि अण्णा पुटपुटले, "त्या वर्षी ताईला मावशीकडं ठेवलं होतं. तिचा अभ्यास बुडतो म्हणून." मग स्वतःशीच म्हणाले, "मे महिन्यात कसला अभ्यास?"

आणि मग महाडची ओळ आली. तिथं लिहिलं होतं: चहा, दोन.

"पाच माणसं होतात ना तुम्ही?" नात म्हणाली.

"आम्ही तिघं भावंडं एका चहात. बशीत ओतून, पाळीपाळीनं. एक आईचा."

"आणि पणजोबा?"

"तात्या गाडी लागते म्हणायचे. वाटेत तोंडात काही घालायचे नाहीत. नेहमीचंच." अण्णांनी ओळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "गावात यष्टीनं चिपळूणला बाजाराला जायचे, तेव्हा मात्र टपावरच्या गोणींवर लक्ष ठेवत, विडी ओढत, गप्पा मारत जायचे. तेव्हा कधी लागली नाही गाडी."

कशेडीचा बोगदा आला. घाटाची ती सगळी वळणं काही मिनिटांत मागं पडली. नातीनं द्रोण पुढं केला. अण्णांनी एक करवंद घेतलं, चावलं, त्याचा चीक ओठांना लागला तसे ते हसले. "चव तीच आहे," म्हणाले. भावाचं काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौलं परतायला गडी आला. चाळिशीचा माणूस. त्यानं घराभोवती फिरून वाशांना हात लावून पाहिला, दोन-तीन जागी खालूनच बांबू टेकवून कौल हलवलं आणि म्हणाला, "तीन दिस लागतील. सहाशेनं."

भाऊ कुंपणापाशी उभे होते. ते लगेच पुढं आले. "काय बोलतोस? सहाशे? अण्णा, ऐकू नका याचं. आमच्या वेळी शेर-दोन शेर भातावर दिवसभर राबत होती माणसं. आता यांचे भाव चढलेत. मी पाचशेच्या वर जाणार नाही, माझा गोठा तसाच ठेवलाय." आणि अण्णांकडं वळून म्हणाले, "तुमच्या त्या वहीत असेल बघा, तेव्हा कौलं परतायला काय पडत होतं."

अण्णा गड्याला म्हणाले, "बस. घरी गॅस आहे?"

"हाय की."

"सिलिंडर किती दिवसांचा पडतो?"

गडी जरा गोंधळला. "म्हंजे?"

"किती दिवस राबलास की एक सिलिंडर येतो?"

"साडेआठशेच्या पुढं गेलाय न्हवं. दीड दिस धरा."

"मुलं?"

"दोन पोरी. थोरली खेडला जाते कालेजला. बारावीपर्यंत पोरींना पास फुकट हाय, त्यो आधार हाय. धाकटीचे दात करायचेत. दवाखान्यात सांगितलं त्ये म्या दिसांत मोजलं, तर सतरा दिस झालं." तो आता उकिडवा बसला होता आणि बोटावर मोजत होता. "आनि पावसाचं काय? मिरगानंतर कौलावर कोन चढवतंय? लावनी हाय पंधरा-वीस दिस, तेवढंच. म्हंजे ह्या मे महिन्यातल्या एका दिसात दोन दिस भरावं लागत्यात, आजचा एक आनि पावसातला एक. मंग सहाशेचं झालं तीनशे."

भाऊ काहीतरी म्हणणार होते. अण्णांनी हात केला.

"भाऊ, त्याचा हिशेब बरोबर आहे. शेर-दोन शेर भातावर राबत होते ते स्वस्त म्हणून राबत नव्हते. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून राबत होते. माझा बाप मुंबईला गेला तो त्याच भाताला कंटाळून."

"तसं नाही हो, पण माणसाला परवडायला नको का?"

"परवडत नसेल तर काम दोन वर्षांत वाटून घ्या, गोठ्याचा एक उतार यंदा करा. त्याचा दिवस नका कापू. मला पेन्शन आहे, माझी यष्टी फुकट आहे. ती फुकट आहे म्हणजे कोणीतरी भरतंच आहे तिचे पैसे." त्यांनी गड्याला विचारलं, "फुटकी कौलं किती निघतील?"

"साठ-सत्तर."

"दुपारपर्यंत आणवतो. आजच लाग. जेवण आमच्याकडं, आणि चहा दोन वेळा."

नातीनं आतून शिडी आणली. गडी वर चढला, पहिली रांग उतरवायला लागला. भाऊ कुंपणाशीच घुटमळत होते. जुनी कौलं एकेक करून खाली येत होती, नात ती भिंतीशी लावून ठेवत होती. बरीच रांग उतरल्यावर भाऊंनी वर बघून हाक मारली, "काय रे, हे झाल्यावर माझ्या गोठ्याला हात लावशील का?"

"पाचशेत न्हाय जमायचं, भाऊ."

"पाचशे कोण म्हणतंय? सहाशे देतो. पण मिरगाच्या आधी पुरं कर."

"एक उतार का दोन्ही?"

भाऊंनी गोठ्याकडं पाहिलं, मनाशी हिशेब केला. "यंदा एकच," म्हणाले. "पावसाकडचा."