घरचं खाऊन

"स्मरणिकेसाठी बाईंवर चार ओळी लिहा," असा मंडळाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एका बैठकीत लिहून होईल असं वाटलं होतं. आपल्यापैकी कितीजणांची मुलं त्यांच्याकडे बाराखडी शिकली! शाळेतून निवृत्त होऊन १९९६ साली त्या न्यू जर्सीला मुलाकडे आल्या आणि पुढची अठरा वर्षं, दर रविवारी दहा ते बारा, चर्चच्या बेसमेंटमधल्या भाड्याच्या खोलीत फळ्यापुढे उभ्या राहिल्या. बसून शिकवलेलं मुलांच्या डोक्यात बसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. (मुलांचं मत वेगळं असावं, पण त्यांना विचारतो कोण!) एरवी कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासूबाईंना डॉक्टरकडे सोबत, गणपतीत मोदकांची आघाडी. गाडी चालवता येत नव्हती, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

हे सगळं लिहिलं, आणि कागद बाजूला ठेवला. कारण शोकसभा डोक्यातून जात नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या ८६व्या वर्षी बाई गेल्या. त्याच बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठ जण भरभरून बोललो. शेवटी त्यांचा मुलगा उठला. म्हणाला, "मी एसएससीला होतो तेव्हा आई संध्याकाळी दुसऱ्यांच्या मुलांना एसएससीचं गणित शिकवत असे. फुकट. मी शेजारच्या काकूंकडे जेवायचो." एवढं बोलून तो बसला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

'घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' असं आपण म्हणतो, कधी चेष्टेनं, कधी कौतुकानं. त्यात भाजणारा दिसतो, लष्कर दिसतं. ते 'घरचं' कुणाच्या वाट्याचं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

बाईंची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, रयत शिक्षण संस्थेत झाली. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. त्या आठवड्यात आमच्या अमेरिकन मराठी मुलांनाही त्या साताऱ्याच्या वसतिगृहाची गोष्ट सांगायच्या. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवत. पैशांची ओढाताण कायमची. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. इथे बाईंचा आवाज दर वर्षी कापरा व्हायचा.

पण लक्ष्मीबाईंनी दिलं ते स्वतःच्या हातानं. शाळकरी मुलाला कोण विचारतं, "तुझी आई संध्याकाळपुरती दुसऱ्यांना देऊ का?" फळाची आशा सोडून कर्म करावं, हे गीतेचं सांगणं आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतःच्या वाट्याचं फळ सोडता येतं हो, पण दुसऱ्याच्या वाट्याचं?

एकदा गाडीत मी बाईंना हे भीतभीतच विचारलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्याला आई होती गं. त्या पोरांना पुस्तक उघडून देणारंसुद्धा कुणी नव्हतं." यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. हिशेब मांडला तर पारडं बाईंकडेच झुकतं. एक मुलगा शेजारी जेवला, उपाशी राहिला नाही, शिकून इंजिनिअर झाला. आणि कितीतरी मुलं त्या गणितात पास झाली. तरी साठीच्या घरात आलेल्या माणसाला आईच्या शोकसभेत शेजारच्या काकूच आठवल्या. हा हिशेब मला मांडता येत नाही, आणि त्याला काही कळलं नाही असंही म्हणता येत नाही.

मी तरी कुठे बाहेरची आहे? १९९९ साली माझ्या बाळंतपणाला आईचा व्हिसा आला नाही. बाई बॅग घेऊन आल्या, बारा दिवस राहिल्या. बाळाला तेल लावणं, आंघोळ, माझ्यासाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. मी विचारायची, "बाई, तुमच्या घरी?" त्या म्हणायच्या, "घरचं सगळं व्यवस्थित आहे." मी मान डोलवायची. मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

शोकसभेनंतर आम्ही खुर्च्या आवरत होतो. शेजारी बाईंची सून होती. मी ती बारा दिवसांची आठवण सांगितली, तर ती म्हणाली, "माहितीये की. आमची छोटी तेव्हा तीन वर्षांची. तिला आईच सांभाळायच्या. मग मी बारा दिवस बिनपगारी रजा घेतली."

पंचवीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आता आभार मानावे की माफी मागावी, कळेना.

"तेव्हा फार राग यायचा," ती खुर्ची मिटत म्हणाली. "आईंचा. तुझाही." मग हसली, आणि माझ्या मुलीचं लग्न ठरलं का, म्हणून विचारलं.