वेदीपासून भावाच्या दारापर्यंत

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. ही वाट गोंदियावरून जाते. दवनीवाडा या आमच्या गावाचा हा भातशेतीचा मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता. डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. तो वाचताना येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचं मन धरून ठेवलं. त्या प्रवचनात एक अवघड सूचना आहे. वेदीपुढे अर्पण घेऊन उभं असताना भावाच्या मनात आपल्याविषयी सल आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी त्याच्याशी समेट करावा, मगच परत यावं. ख्रिस्ती धर्मातला क्षमेचा विचार याच सूचनेपासून दूर जात आणि तिच्याकडे परत येत वाढला, असं मला वाटतं.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त सर्वांदेखत, दीर्घकाळ आणि बहुधा आयुष्यात एकदाच घेता येई. समाजाचा विश्वास मोडलेला असे, म्हणून समाजासमोर उभं राहणं भाग होतं. पण एवढ्या कठोर वाटेने जाण्याची हिंमत थोड्यांनाच होई. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी आणि पुन्हा पुन्हा घेता येणारा पापकबुलीजबाब रुजवला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने तो वर्षातून एकदा तरी समज आलेल्या प्रत्येक विश्वासणाऱ्याला बंधनकारक केला. क्षमा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, हा मोठाच लाभ. मात्र ज्याचं नुकसान झालं तो माणूस या चित्राच्या कडेला गेला. कबुली, शिक्षा, सूट असा हिशेब वाढत गेला. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पहिल्याच प्रबंधात पश्चात्ताप ही विश्वासणाऱ्याची आयुष्यभराची वृत्ती आहे असं मांडून त्या हिशेबालाच हात घातला.

महाराष्ट्रात हा विचार काही माणसांच्या आयुष्यातून उलगडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी भेटला, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपली पात्रता सिद्ध करण्याची धडपड सुटली आणि क्षमा दान म्हणून स्वीकारता आली, तेव्हा त्यांच्या मनाला शांती लाभली. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गमावलेल्या या बाई १८९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुलींना आधार देऊन घेऊन गेल्या. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडून पापं कबूल करू लागल्या, तासन् तास प्रार्थना चालली. त्या अश्रूंआधी रमाबाईंनी त्या आश्रमात अन्न, अक्षर आणि आसरा यांचा पाया घातला होता, हे विसरू नये.

टिळकांना तर समेटाचा अर्थ घरातच शिकावा लागला. १८९५ च्या त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची ताटातूट झाली. काही वर्षांनी त्या परतल्या, पण श्रद्धेचा निर्णय त्यांनी आपल्या वेळेने घेतला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. दुखावलेल्या माणसाला घाई करता येत नाही, हे त्या संसाराकडे पाहिलं की कळतं.

म्हणून मनाचं नवीकरण ही एका संध्याकाळी उरकणारी गोष्ट मी मानत नाही. आमच्याकडे भाताच्या रोवणीआधी बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दरवर्षी नीट करावा लागतो, मनाचंही तसंच. आणि दवनीवाड्यासारख्या गावात तर ज्याचं आपण वाईट केलं तो उद्या पुन्हा समोर येणारच असतो. देवाची क्षमा विकत घेता येत नाही, ती फुकट मिळते. पण ती मिळालेल्या, बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. आपणही बळकावलेली जमीन सोडावी, खोटी साक्ष मागे घ्यावी, भावाच्या दारात जावं. त्याने दार उघडावं की नाही, हा त्याचा अधिकार आहे. तिथवर चालत जाणं हे मात्र आपलं कर्तव्य, आणि क्षमा पावलेल्या माणसाची खरी खूणही तीच.