काळ्या धातूवरची रेघ

“काकू, असू द्या ना. हाताचं काम आहे, थोडं वाकडं जायचंच. तेच तर छान दिसतं!”

बेंगळूरूच्या जे. पी. नगरमध्ये एका घराच्या तळमजल्यावर नवशिक्यांना धातूवर हाताने कोरायला शिकवणारा वर्ग भरतो. तिथे शेजारच्या बाकावरून, नागपूरकडच्या एका तरुणाने हे वाक्य टाकले. काकू म्हणजे मुलीकडे राहायला आलेल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. तांब्याच्या पट्टीवर त्या ‘क’ कोरत होत्या. पोटाच्या वळणावर कलम निसटले आणि अक्षराबाहेर पडून थेट पट्टीच्या कडेपर्यंत एक चकाकती रेघ ओढून थांबले. तरुणाने धीर दिला तो मनापासून. पण बाईंना त्या निसटलेल्या रेघेपेक्षा तो धीरच जास्त लागला. तीस वर्षे त्यांनी वह्या तपासल्या होत्या; वाकडे अक्षर छान दिसते, असे एकाही मुलाला सांगितले नव्हते.

हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येते. मातीचे भांडे, हातमागाची साडी, विणलेला स्वेटर, सगळ्यांतली चूक ही हाताची सही म्हणून दाखवली जाते. ते इतके सवयीचे झाले आहे म्हणूनच एकदा नीट तपासून पाहायला हवे.

यंत्राचा मुद्दा आधीच बाजूला ठेवलेला बरा. लेझर हेच काम काही मिनिटांत करतो आणि एकदाही निसटत नाही. ज्या शहरात १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला, त्या शहराला हे सांगायची गरज नाही. प्रश्न असा आहे की यंत्र अचूकपणात पुढे गेले म्हणून हाताने अचूकपणा सोडून द्यायचा का, आणि वर त्या सोडून देण्यालाच सौंदर्य म्हणायचे का?

अशा वर्गात सुरुवातीला कोरणे फारसे होतच नाही. वेळ जातो धार लावण्यात. कलम म्हणजे चौकोनी पोलादी सळई. तिचे टोक तिरपे घासलेले, मागची लाकडी मूठ तळहातात बसणारी. धार लागली की नाही हे अंगठ्याच्या नखावर पाहायचे. टोक टेकवताच रुतले तर ठीक, घसरले तर पुन्हा दगडावर. मग कोनाचा प्रश्न येतो. कलम जास्त उभे धरले तर ते खोल घुसते आणि टोक तुटते. फार आडवे धरले तर पृष्ठभागावरून निसटते. तांबे मऊ असले तरी सोपे नाही. बोथट कलमाखाली ते चिकट होते, ओढ धरते. त्यापेक्षा पितळ मोकळेपणाने कापले जाते.

सगळ्यांत अवघड मात्र वळण. पट्टी वाळू भरलेल्या कातडी उशीवर ठेवलेली असते आणि वळण आले की हात वळवायचा नसतो, पट्टी वळवायची असते. डावा हात पट्टी फिरवतो, उजवा जवळजवळ स्थिर राहून पुढे रेटत राहतो. ज्यांनी जन्मभर पाटी स्थिर ठेवून अक्षर गिरवले आणि गिरवून घेतले, त्यांना हे उलटे गणित मनगटात बसवायला दिवस लागतात. पण बसले की कलमाच्या टोकासमोर केसाएवढी बारीक तांब्याची साल उठते, गुंडाळत गुंडाळत पुढे जाते आणि शेवटी टप्पकन सुटून पडते.

ती साल महत्त्वाची आहे. ओरखडा काढला तर धातू दोन्ही बाजूंना सरकतो, कुठे जात नाही. ठोकले तर खाली दबतो. कोरले तरच तो पट्टीतून कायमचा निघून जातो. आपल्याकडे हे तिन्ही प्रकार ‘कोरणे’ या एकाच शब्दाखाली खपतात. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने ठोकून भांड्यावर उठवलेले मठारकाम पाहिले, तर त्यात एक कणही कापलेला नसतो. आणि महाराष्ट्रात घरोघर दिसणारे धातूवरचे लेखन, म्हणजे भांड्यांवरची नावे, तीही कोरलेली नसतात. बाईंच्या आईचा पितळी डबा आहे. त्याच्या कडेवर देणाऱ्या मामांचे नाव आणि लग्नाची तारीख ठिपक्याठिपक्यांनी घातलेली आहे. लहान छिन्नी, हलकी हातोडी, एकामागून एक ठिपका. पुढे विजेची पेने आली तेव्हाही तत्त्व तेच राहिले, फक्त ठिपके भराभर पडू लागले. पंगतीला शेजारून आणलेली पातेली एकमेकांत मिसळू नयेत एवढे काम त्या नावाने करायचे होते आणि ते चोख केले. संस्कृतातल्या ‘लिख्’ या क्रियापदाचा जुना अर्थ ओरखडणे असाच आहे. म्हणजे लिहिणे हे मुळात धातू किंवा पान खरवडणे होते, शाई नंतरची.

आता त्या तरुणाच्या वाक्याकडे. त्याला माहीत असो वा नसो, ते इंग्रज लेखक जॉन रस्किनकडून आले आहे. ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या १८५३ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात गॉथिक वास्तुकलेवर एक प्रकरण आहे. कामगाराकडून यंत्रासारखी निर्दोष सफाई मागणे म्हणजे त्याला हत्यार बनवणे, आणि ओबडधोबडपणा ही त्याच्या जिवंतपणाची खूण, असे त्यात रस्किन पोटतिडकीने मांडतो. रस्किन या वस्तीला तसा परकाही नाही. गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत त्याचे ‘अन टू धिस लास्ट’ वाचले आणि पुढे त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने केला. त्या शब्दातून उभ्या राहिलेल्या चळवळीला १९५४ साली जयप्रकाश नारायणांनी जीवनदान दिले. जे. पी. नगर त्यांच्याच नावाचे.

कारखान्याबद्दल रस्किन बरोबर होता. दिवसभर काचेच्या कांड्या तोडून मणी पाडणाऱ्या माणसांचे उदाहरण त्याने दिले आहे. त्यात डोक्याला काम नाही आणि हाताला विसावा नाही. पण तिथून त्याने जी उडी घेतली ती मान्य होण्यासारखी नाही. नेमकेपणाची ओढ ही बाहेरून लादलेलीच असते, असे तो धरून चालला. हाताने काम करणाऱ्याला स्वतःलाच नेमकेपणा हवा असेल तर?

वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा पुणे ताम्रपट घ्या. चंद्रगुप्त दुसरा याची ही मुलगी, युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य चालवणारी. नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या राजधानीतून, तिने चनालस्वामी नावाच्या आचार्यांना दंगुण गाव दान दिले. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हे गाव म्हणजे आजचे हिंगणघाट असे ठरवले. पटात चारही दिशांच्या शेजारगावांची नावे देऊन सीमा सांगितली आहे, आणि शेवटी कोरणाऱ्याचे नाव आहे: चक्रदास. पंधराशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले हे नाव राजाचे नाही, सेनापतीचे नाही, कलम धरणाऱ्याचे आहे. मजकूर दुसऱ्या कोणाचा, निर्णय राणीचा, चक्रदासाने फक्त उतरवला. रस्किनच्या हिशेबाने हा नुसता नक्कल करणारा. पण सीमेवरच्या गावाच्या नावात एक काना इकडचा तिकडे झाला असता, तर नातवंडांपर्यंत भांडण पुरले असते. चक्रदासाला वाकडे अक्षर छान दिसले असेल, हे कोणत्याही अंगाने पटत नाही. इतर अनेक वाकाटक ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी कोरलेली असते. शेकडो अक्षरे, शेकडो पेट्या. दमलेला माणूस त्या सहज गाळू शकला असता.

इथे थोडे आडवाटेला जायला हरकत नाही, कारण ही गोष्ट मराठी माणसाला अभिमानाची असूनही फार कमी सांगितली जाते. पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने नाना फडणवीसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचा घाट घातला. काम एका तांबटाकडे होते. १८०० साली नाना गेले आणि काम अर्धवट राहिले. मग ते मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि १८०५ साली तिथे गीता छापली गेली. छापण्यासाठी कोरायचे म्हणजे प्रत्येक अक्षर आरशात दिसते तसे उलटे कोरायचे: काना उजवीऐवजी डावीकडे, वेलांटी उलट्या अंगाने, ओळ उजवीकडून डावीकडे. सातशे श्लोक. नाण्यांचे साचे कोरणाऱ्यांचे काम असेच. शिवराई हातात घेऊन पाहिली तर ‘छत्रपति’ची किती रूपे सापडतात! साचे अनेक हातांनी, अनेक ठिकाणी, उलट्या अक्षरांत कोरले गेले, म्हणून ही विविधता. संग्राहकांना ती मोलाची वाटते आणि वाटावीही, पण साचा कोरणारा ती साधायला बसला नव्हता.

वर्गात बिदरीचा एक तुकडा हातोहात फिरवला जातो. बिदर इथून लांब, लातूर-नांदेडला लागून. तिथे अनेक घरांत मराठी बोलली जाते. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, कानशीने गुळगुळीत करतात आणि मोरचूदाचे पाणी लावून तात्पुरती काळी करतात. त्या काळ्यावर टोकदार हत्याराने मुक्तहस्त नक्षी काढली की पांढरी रेघ उमटते. मग छिन्नीने ती रेघ कोरून खाच पाडायची आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी वस्तू गरम करून नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप दिला की जस्त कायमचे काळे होते, चांदी तशीच उजळ राहते. या कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली तिथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. खाच वेडीवाकडी, कुठे उथळ कुठे रुंद असेल तर तार धरत नाही. आज नाही तर वर्षाने सुटते. तिथे ‘हाताची सही’ म्हणून काही चालत नाही.

इथपर्यंत सगळे युक्तिवाद एका दिशेने चालले आहेत: धातूवरची रेघ ही काळ्या दगडावरची रेघ, पुसता येत नाही, म्हणून कोरणाऱ्याला चुकायची मुभा नाही आणि म्हणूनच हाताच्या कोरीवकामाला मोल. मांडणी ऐकायला भक्कम आहे. पण पुरावा तिला साथ देत नाही.

काळ्या दगडावरची रेघसुद्धा तशी कायमची नसते. ‘बेंगळूरू’ हे नाव ज्या सर्वांत जुन्या लेखात येते, तो बेगूरच्या नागेश्वर मंदिरातला सुमारे इ. स. ८९० चा वीरगळ, जे. पी. नगरहून फार लांब नाही. शहरातले असे दगड झिजत, फुटत आणि बांधकामात गाडले जात आहेत, म्हणून मिथिक सोसायटीने त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा टिपायचे काम हाती घेतले. धातूचे तर विचारायलाच नको. ताम्रपटांवर राहून गेलेले अक्षर ओळीबाहेर कोरून काकपदाची खूण केलेली सापडते. चुकलेले अक्षर ठोकून सपाट करून त्याच जागी नवे कोरलेले सापडते. काही पत्र्यांवर तर जुना लेखच्या लेख ठोकून मिटवलेला आणि वर दुसरा कोरलेला, खालचा अजून पुसट दिसणारा. अल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘मेलेंकोलिया’मध्ये एक जादूचा चौकोन आहे. पहिल्या छापांत त्यातला नऊचा आकडा उलटा पडला होता. पुढच्या छापांत तो सुलट आहे. सोनाराचा मुलगा, युरोपातला नावाजलेला कोरणारा, त्याचाही आकडा चुकला आणि त्याने ती जागा घासून, सपाट करून पुन्हा कोरली.

म्हणजे धातू दुरुस्ती नाकारत नाही, तो तिची किंमत मागतो. अक्षर कोरायला लागतात त्याहून कितीतरी जास्त मिनिटे ते मिटवायला लागतात. पडद्यावर एक कळ दाबली की चूक अशी जाते की ती झाली होती हेही कळत नाही. इथे ती स्वतःच्याच हाताने, आल्या वाटेने परत जाऊन काढावी लागते. आणि एवढे मान्य केले की रस्किनशी भांडण पूर्वीइतके सरळ राहत नाही. कामगाराचा स्वतःचा निर्णय कामात दिसला पाहिजे, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने तो निर्णय वाकड्या रेघेत शोधला. चक्रदासाचा, ड्यूररचा, मिरजेच्या त्या तांबटाचा निर्णय दुसरीकडे आहे: ही रेघ परत घासण्याएवढी चुकली आहे का, हे ठरवण्यात. कधी उत्तर ‘नाही’ असेल आणि रेघ तशीच राहील. तेव्हा त्या तरुणाचे वाक्यही खरे ठरेल, फक्त ते कोरणाऱ्याने स्वतः, पट्टी उन्हात तिरपी धरून पाहिल्यावर म्हटलेले असायला हवे.

बाईंनी तशी पाहिली. मग निसटलेल्या रेघेच्या दोन्ही कडांवरची कूस खरवडून काढली, पट्टी पोलादी ठोकळ्यावर पालथी घातली आणि गोल तोंडाच्या लहान हातोडीने मागून हलके हलके ठोके दिले. पट्टी सुलट करून थेंबभर तेल टाकले आणि गुळगुळीत पोलादी कांडीने ती जागा घोटायला घेतली. उरलेला सगळा तास त्यातच गेला. बोटाला आता काही लागत नव्हते, पण तिरप्या उजेडात एक उथळ सावली अजून दिसत होती. त्यांनी कलम दगडावर फिरवले, नखावर टेकवून पाहिले, आणि ‘क’च्या पोटाशी परत आल्या.

शेजारच्या बाकावर बराच वेळ शांतता होती. मग मान वर न करताच तो म्हणाला, “काकू, तुमचं झालं असेल तर ती कांडी जरा द्याल?”