ऐकणे आणि मानणे

ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा जमलेला समुदाय प्रत्येक वाक्यानंतर एका स्वराने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. पेडणे-डिचोलीकडील वाचकांस याचे वर्णन करून सांगावयास नको. त्या 'व्हय'मध्ये संमती आहे, श्रद्धा आहे, गावाचे एकत्व आहे. गाऱ्हाण्यातील शब्द न् शब्द प्रत्येकाने नीट ऐकला होता काय, असे तेथे कोणी विचारीत नाही, व विचारण्याचे कारणही नाही. देवाने ऐकले म्हणजे पुरे. परंतु माणसामाणसांतील व्यवहारात नुसत्या 'हो'ने कितपत भागते, हा प्रश्न नीतीचा आहे. आणि त्याचा विचार करावयास लावणारे एक स्थळ अलीकडे आपल्या दाराशीच उभे राहिले आहे.

५ जानेवारी २०२३ रोजी मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. दाबोळीचा तळ नौदलाचा. तेथील आकाशाचे नियंत्रणही नौदलाकडेच असते. अशा रीतीने आपल्या एवढ्याशा मुलखात आता दोन मनोरे झाले. मनोऱ्यातील नियंत्रक आणि विमानातील वैमानिक यांनी एकमेकांचे तोंडही कधी पाहिलेले नसते. त्यांच्यामध्ये असतो तो केवळ आवाज. तोही एका वेळी एकाचाच. दोघे एकदम बोलले, तर ऐकणाऱ्याच्या कानी एक कर्कश किंकाळी तेवढी पडते.

पेडण्याचा एखादा मुलगा किंवा डिचोलीची एखादी मुलगी वैमानिक होण्यासाठी बारामतीस वा गोंदियास गेली, म्हणजे उडण्याबरोबर बोलावयासही नव्याने शिकावे लागते. त्यासाठी रेडिओचा निराळा परवाना असतो व त्याची निराळी परीक्षा असते. 'रॉजर' या शब्दाचा अर्थ 'ठीक आहे, करतो' असा आपण चित्रपट पाहून धरून चाललो आहोत. वस्तुतः त्याचा अर्थ 'आपले बोलणे मजपर्यंत पोचले' इतकाच आहे. 'ऐकले, आणि त्याप्रमाणे करीन' असे सांगावयाचे असेल, तर 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. ऐकणे आणि मानणे या दोन क्रिया भिन्न आहेत, हे त्या शास्त्राने दोन शब्द घडवून मान्य केले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. इतकेच नव्हे, तर धावपट्टीवर जाण्याची, उतरण्याची वा उंची बदलण्याची आज्ञा असेल, तर हे दोन्ही शब्द अपुरे ठरतात. ती आज्ञा आकड्यांसह जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते, आणि ती बरोबर म्हटली गेली की नाही हे कान देऊन ऐकणे नियंत्रकावर बंधनकारक असते. वेदपाठशाळेतील संथेचीच ही रीत, असे कोणी म्हणेल. साम्य आहे खरे. पण संथेत अर्थ मागाहून कळला तरी चालतो, येथे तो त्याच क्षणी कळावा लागतो.

तो न कळता शब्द परत म्हटले गेले, तर काय होते? २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफे येथे धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली व ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. नियंत्रकाने दिली होती ती उड्डाणानंतरच्या मार्गाची अनुज्ञा, उड्डाणाची नव्हे. सहवैमानिकाने ती परत म्हणूनही दाखविली. पण कप्तानाचे विमान तोवर धावू लागले होते. 'थांबा, मी सांगेन' हे नियंत्रकाचे शब्द दुसऱ्या विमानाच्या बोलण्यात मिसळून त्या किंकाळीत अस्पष्ट झाले. तरीही एकाला शंका आली होती. पुढचे विमान पट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असे मागे बसलेल्या अभियंत्याने विचारले. कप्तान हा कंपनीतील ज्येष्ठ शिक्षक. त्याने ठासून सांगितले की झाले आहे. अभियंता गप्प बसला.

या दुर्घटनेनंतर शब्दांचे नियम कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द आता केवळ उड्डाणाची अनुज्ञा देताना वा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा असतो. शब्द सुधारता आले, हे बरेच झाले. अभियंत्याचे गप्प बसणे ही मात्र शब्दकोशाची बाब नव्हे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे 'मला समजले नाही' असे म्हणणारे मूल मंद, आणि 'मला जमणार नाही' असे म्हणणारे उद्धट ठरते. मान डोलावणाऱ्यास आपण गुणी म्हणतो. या गुणीपणाची मला भीती वाटते.

ती अकारण नाही. जुलै २००६ मध्ये इंग्लंडातील साउथएंड येथे सोळा वर्षांचा एक विद्यार्थी एकट्याने दुसऱ्यांदाच उडत होता. तो उतरण्याच्या बेतात असताना, मागून येणाऱ्या वेगवान विमानास वाट मिळावी म्हणून नियंत्रकाने त्यास बाजूला वळावयास सांगितले. उंची थोडी, वेग थोडा, आणि असे वळण त्यास कधी शिकविलेले नव्हते. त्याने आज्ञा पाळली. विमान ताब्यातून सुटून कोसळले आणि मुलगा गेला. अशा वेळी उच्चारावयाचा एक शब्द नियमात आहे: 'अनेबल', अर्थात 'हे मला शक्य नाही'. विमानाविषयीचा अखेरचा निर्णय त्याच्या चालकाचा, हे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. अधिकार त्या मुलास होता. पण सोळाव्या वर्षी, एकट्याने, मनोऱ्यातील प्रौढ आवाजास 'शक्य नाही' म्हणण्याचे बळ त्याने कोठून आणावे?

येथे कोणी म्हणेल की, ज्याने त्याने आज्ञेची चिकित्सा आरंभिली, तर आकाशात अनर्थ माजेल. आक्षेप रास्त आहे. आकाशात वादविवादास जागा नाही. तथापि 'अनेबल' हा वाद नव्हे. तो शिस्तीच्या आतलाच शब्द आहे, आणि तो उच्चारला गेला की दुसरा मार्ग सांगणे हे नियंत्रकाचे काम होते. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा शेवट या दृष्टीने पाहावा. सर्व काही सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनास म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. पुढे ते विचारतात, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? आणि अर्जुन नुसता 'हो' म्हणत नाही. मोह गेला, स्मृती आली, संदेह उरला नाही, असे एकेक सांगून मग सांगितल्याप्रमाणे करीन म्हणतो. जेथे सांगणारा साक्षात भगवंत आहे, तेथेही ऐकणाऱ्यास नकाराची वाट मोकळी ठेवलेली आहे, आणि ती ठेवली आहे सांगणाऱ्याने.

ती वाट मोकळी ठेवण्याचे ओझे शिष्यावर नव्हे, तर सांगणाऱ्यावर आहे, असे मी मानतो. ब्रिटनमध्ये एकट्याने उडणारा विद्यार्थी रेडिओवर आपल्या विमानाच्या खुणेआधी 'स्टुडंट' हा शब्द जोडतो. त्यात कमीपणा नाही. तो शब्द ऐकताच नियंत्रक सावकाश बोलतो, एका वेळी एकच गोष्ट सांगतो, आणि उत्तराची वाट पाहतो.